थरथर कधी येते? नांदेड-लातूरच्या गॅरेजांतील एका दुखण्याचा इतिहास

जुन्या मोटारीत सतत येणारी थरथर शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्रास देते ती मधूनच येणारी आणि गाडी गॅरेजच्या दारात लागली की नेमकी गायब होणारी. सकाळी नसते, दुपारी येते. चालक एकटा असला की नसते, मागे चार माणसे बसली की येते. नांदेड-लातूर भागात हे दुखणे शोधण्याच्या रीती गाड्यांच्या बांधणीबरोबर बदलत गेल्या. रस्ता, ऊन आणि काळी माती यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. निझामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बस आणि 166 कर्मचारी घेऊन रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये येथील सरकारी बससेवा एसटी महामंडळात सामील झाली. एसटीच्या विभागीय कार्यशाळांत दुरुस्तीचे काम नोंदवहीवर चाले. खाजगी गॅरेजात ते उस्ताद आणि चेल्याच्या नात्यावर चाले. पोरगा आधी पाने पुसायला शिके, मग ग्रीस मारायला आणि बऱ्याच वर्षांनी गाडी चालवून तिचा आवाज ऐकायला.

1950च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅम्बेसेडर आली. तिच्या जोडीला मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट होती. तिचेच नाव पुढे पद्मिनी झाले. खेड्यापाड्यांच्या वाटांवर महिंद्राची जीप धावे. या तिन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढ मुख्यतः मागच्या चाकांना. मधले अंतर जोडणारा लांब शाफ्ट हा अ‍ॅम्बेसेडरच्या थरथरीतला पहिला संशयित. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा, असतो. शाफ्ट तिरका फिरू लागला की एका क्रॉसमुळे त्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. दुसरा क्रॉस ती चूक भरून काढतो. मात्र क्रॉस धरणारे दोन्ही टोकांचे जबडे एका रेषेत असले पाहिजेत. शाफ्ट खोलून परत बसवताना सरकत्या दातऱ्याचा एक दात जरी चुकला, तरी नवा क्रॉस घालूनही थरथर राहते. म्हणून जाणता मिस्त्री नटबोल्ट सैल करण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करी.

क्रॉसच्या टोप्यांत सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग असते. ग्रीस आटले की या सुया गंजतात आणि टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसू लागते. हाताने शाफ्ट पिळून पाहिला तर किंचित टक्क वाजते. ग्रीस मारले की आवाज काही दिवस थांबतो आणि मालक समाधानाने जातो, पण पंधरवड्यात गाडी परत दारात उभी राहते. मागे माणसे बसल्यावरच थरथर येण्याचे कारणही इथेच सापडते: वजनाने मागचे पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि झिजलेला क्रॉस तेवढ्यात बोलू लागतो. म्हणून गाडी पाहताना मिस्त्रीचे पहिले प्रश्न असत: खाली गाडीत येते की लोडमध्ये? रेस देताना की सोडल्यावर?

वेगाचा हिशेबही उपयोगी पडे. अ‍ॅम्बेसेडरचे चाक एका फेऱ्यात साधारण 2 मीटर पुढे जाते. ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला सुमारे 8 वेळा फिरते आणि शाफ्ट त्याच्या साडेचारपट, म्हणजे 36-37 वेळा. चाकाचा दोष त्यामुळे ठोक्यांसारखा हातात किंवा बुडाखाली जाणवतो, शाफ्टचा दोष गुणगुण होऊन येतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. तेव्हा दोघांतला गुन्हेगार ओळखू येत नाही. त्यासाठी त्याच वेगाला तिसरा गिअर टाकायचा. इंजिनाचे फेरे वाढतात, शाफ्टचे तेवढेच राहतात. थरथर बदलली तर दोष इंजिनाकडे, तशीच राहिली तर शाफ्ट-चाकांकडे.

जीपचे गाऱ्हाणे निराळे होते. खड्डा बसला की स्टिअरिंग अचानक थडथडू लागे आणि वेग कमी केला की शांत होई. चालकाला वाटे, खड्ड्याने काहीतरी मोडले. खड्डा केवळ निमित्त असे. किंगपिनची बेअरिंग आणि टाय-रॉडची टोके झिजून सैल झालेली असत. जॅकवर चाक उचलून वर-खाली आणि आडवे हलवले की तो प्ले हाताला कळे.

पावसाळ्यातील एक कारण या मातीचेच. गोदावरी आणि मांजरेच्या खोऱ्यांतली काळी चिकण माती रिमच्या आतल्या बाजूला लिंपण लावल्यासारखी बसते. सुकली की चाकाच्या एका बाजूला किलो-अर्धा किलो वजन चिकटलेले राहते आणि दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर गाडी हादरते. चार दिवसांनी ढेकूळ निखळून पडते, थरथरही जाते आणि त्याआधी बदललेल्या एखाद्या चांगल्या भागाला फुकटचे श्रेय मिळते. म्हणून पावसाळ्यात रिमची आतली बाजू लोखंडी पट्टीने खरवडून बघणे ही पहिली तपासणी ठरली.

उन्हाळ्यात मे महिन्याचा पारा 42-43 अंशांवर गेला की इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होई. गाडी झटके मारी, मिसिंग करी आणि थोड्या वेळाने बंद पडे. सावलीत थांबली की पुन्हा सुरळीत. पंपावर ओले फडके ठेवल्यावर झटके थांबले तर निदान पक्के. ती थरथर चाकांची नव्हे, इंधनाची. इंजिनाखालचे रबर, म्हणजे ‘फाउंडेशन’, जुने होऊन बसले असेल तर उभ्या गाडीतही सीट थरथरते आणि रेस वाढवली की ती कमी होते.

चाके तोलायला यंत्र नव्हते, तेव्हा पुढच्या हबवरच काम भागे. ब्रेक सैल करून चाक हलक्या हाताने फिरवायचे. थांबताना जड बाजू खाली येते. तिथे खडूची खूण करून बरोबर समोर शिशाचा तुकडा लावायचा. चाक कुठेही थांबू लागेपर्यंत हे चाले. यातून चाकाचा साधा जडपणा निघे, मात्र आतल्या-बाहेरच्या बाजूंच्या वजनातला फरक पकडता येत नसे. तो पकडायला चाक वेगाने फिरवणारे यंत्र लागले.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि लांब शाफ्टच गेला. ओढ पुढच्या चाकांना, इंजिन 796 सीसीचे आणि तीन सिलिंडरचे. वळताना ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट कटकट वाजला की बाहेरचा जॉइंट गेला, असे नवे निदान आले. तीन सिलिंडरचे इंजिन संथ फिरताना मुळातच थोडे हलते. स्वाभाविक हलणे आणि बिघाड यांतला फरक ओळखणे मिस्त्रींना नव्याने शिकावे लागले. जिल्ह्यातल्या रस्त्यांवर मात्र काळ्या-पिवळ्या जीपगाड्या धावत राहिल्याने शाफ्ट आणि क्रॉसचे जुने ज्ञान वापरात टिकले. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले.

तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेडमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणाने वेग वाढला. असमतोल चाकाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी 40 वरून 80 वर गेले की चौपट. पूर्वी खड्ड्यांत दडलेला दोष गुळगुळीत रस्त्यावर उघडा पडला. आता संगणकी बॅलन्सिंग काही मिनिटांत होते आणि इंजेक्शनच्या गाडीत कोणते सिलिंडर मिसिंग करते ते स्कॅनर सांगतो. मातीचे ढेकूळ, टायरला आलेला फुगा किंवा कोरडा क्रॉस यांची नोंद स्कॅनरमध्ये होत नाही. त्यासाठी चालकाला शेजारी बसवून, ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला आणि जेवढ्या वजनात थरथर येते, तशीच गाडी अजूनही चालवून पाहावी लागते.