उसाचे बेणे आणि संशोधनाचा पैसा

विद्यापीठाने कारखानदारांचा पैसा घ्यावा की न घ्यावा, हा वाद शहरातल्या पंडितांचा. श्रीपूरकरांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या उसाच्या बेण्यातच आहे.

1932 साली साखरधंद्याला संरक्षण मिळाले. दोनच वर्षांनी चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापिली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. 1932 सालीच वर नीरेच्या खोऱ्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. ते मात्र सरकारी. उसाच्या एका वाणाची पारख व्हायला दहा-बारा वर्षे सहज जातात. दर हंगामाचा ताळेबंद मांडणाऱ्या कारखान्याला एवढा धीर कोठून असणार? तो धीर सरकारी तिजोरीने धरला. कोइमतूरच्या संकरातून पाडेगावने निवडलेला को 740 हा वाण 1956 साली आला आणि पुढे सुमारे तीन दशके महाराष्ट्राचे मळे त्यानेच भरले.

राहुरीचे कृषी विद्यापीठ 1968 साली झाले. पाडेगाव त्याच्याकडे गेले. 1975 साली साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संस्था काढली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखान्यांच्या वर्गणीचा तिला मोठा आधार. त्यामुळे मळी, आसवनी, बेणेमळे, माती परीक्षण असले रोजचे प्रश्न थेट शास्त्रज्ञाच्या टेबलावर आले. हा लाभ लहान नव्हे.

पण फुले 265 चे उदाहरण पाहा. पाडेगावचाच हा वाण 2007 साली आला. खारवट रानातही तग धरतो, वजन भरघोस देतो. कालव्याखाली जमीन पांढरी पडलेल्या शेतकऱ्याला आणखी काय हवे? कारखान्यांनी मात्र नाक मुरडले; उतारा कमी पडतो, अशी त्यांची तक्रार. शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर, आणि दर ठरतो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. कारखाना विकतो साखर. एकाच उसाचे हे दोन हिशेब! कारखान्यांची तक्रार निव्वळ खोटी म्हणता येत नाही. सरासरी घसरली तर शेजाऱ्याचाही दर घसरतो.

तरीही माझे मत असे, की निवड केवळ कारखान्यांच्या पैशावर झाली असती, तर हा वाण पहिल्याच चाळणीत गळाला असता. पैसा देणारा निकाल बदलतो असे नव्हे. कोणता प्रश्न आधी विचारायचा, एवढे तो ठरवतो. खारवट रानाचा प्रश्न त्या यादीत फार खाली राहिला असता.