मातीचे धरण आणि गावकऱ्याचा डोळा
जोयडा तालुक्यातले सुपा धरण काँक्रीटचे. आमच्या साळावलीला मात्र मातीचा भराव आहे, आणि दक्षिण गोव्याचा मोठा भाग तेच पाणी पितो.

मातीचे धरण म्हटले की मला पानशेत आठवते. काम अपुरे असतानाच तिथे पाणी अडवले. भराव खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले नि नदीकाठचे पुणे बुडाले.

माथ्यावरून पाणी वाहिले की माती टिकत नाही. आतून झिरपले तरी पोखरते. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली. उत्तम! पण गळती आधी दिसते ती धरणाखाली राहणाऱ्याला. त्याचे ऐकणे ही पहिली तपासणी, असे मला वाटते.