धनगराचें कुत्रें आणि हंगेरीचा पुली

वीर हें नांव घेतलें कीं कोकणांतील मंडळींना महाडजवळचें आगगाडीचें स्थानक आठवेल. कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा पहिला टप्पा १९९३ सालीं येथवरच आला होता. घाटावरच्या धनगराला मात्र वीर म्हटलें कीं पुरंदर तालुक्यांतील म्हस्कोबाचें वीर आठवतें. ह्या दोन वीरांच्या मध्यें सह्याद्रि उभा आहे, आणि दसरा-दिवाळी उलटली कीं त्याच्या पलीकडील कोरड्या मुलुखांतून मेंढरांचे कळप घाट उतरून रायगड जिल्ह्यांतील भातखाचरांत येतात. पाठीवर बिऱ्हाड लादलेलीं घोडीं, मेंढरें, आणि त्यांच्या अंगालगत चालणारे दोन-चार कुत्रे, असा हा धनगरांचा वाडा असतो. मला आज ह्या कुत्र्यांविषयीं बोलावयाचें आहे. परंतु त्यासाठीं आधीं थोडें हंगेरी देशाकडे वळलें पाहिजे. कारण मेंढपाळाच्या कुत्र्याचा तेथें जेवढा कसून विचार झाला, तेवढा फार थोड्या देशांत झाला असेल.

हंगेरीचा पुली प्रथम पाहणारास कुत्रा वाटतच नाहीं. उंची सव्वा ते दीड फूट, वजन १३ ते १५ किलो, रंग बहुधा काळा. बाहेरचे राठ केंस व आंतली मऊ लोंकर ह्यांचा गुंता होऊन त्याच्या अंगावर गोसाव्याच्या जटांसारख्या दोऱ्या लोंबतात, आणि वयाबरोबर त्या जमिनीला टेकतात. डोळे झांकून जातात. तोंड कोणतें नि शेंपूट कोणतें, हें तो चालूं लागेपर्यंत कळणें कठीण. स्वभावानें तो चपळ, चौकस, धन्याशीं एकनिष्ठ आणि परक्याविषयीं साशंक. मेंढरांची दाटी झाली तर त्यांच्या पाठीवरूनच पलीकडे धांवत जातो, असें म्हणतात.

नवव्या शतकाच्या अखेरीस मग्यार लोक पूर्वेकडील गवताळ प्रदेशांतून हंगेरींत उतरले, त्यांच्याबरोबर पुलीचे पूर्वज आले, अशी तेथील परंपरा आहे. कोणी त्याचें नातें तिबेटी कुत्र्यांशीं जोडतात. तो तर्क म्हणूनच ऐकावा. पुढें अठराव्या शतकांत मेरिनो मेंढ्या आल्या, त्यांच्या मागोमाग जर्मन व फ्रेंच कुत्रे आले, आणि संकर होऊन पुमी नांवाची दुसरी जात निपजली. ह्या जाती वेगळ्या काढून त्यांचीं लक्षणें लिहून ठेवण्याचें काम विसाव्या शतकाच्या आरंभीं एमिल रैत्सित्स ह्या पंडितानें केलें. १९३५ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें प्रयोगासाठीं पुली नेले. १९३६ सालीं तेथील केनेल क्लबानें त्याला मान्यता दिली.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुली हा राखणदार नव्हे, तो मेंढरें हांकतो. राखणीसाठीं कोमोंडोर नांवाचा धिप्पाड पांढरा कुत्रा निराळा असतो. दिवसाचा काळा आणि रात्रीचा पांढरा, अशी ती वांटणी आहे. अफाट सपाट मैदानावर मोठा कळप वळवावयाचा, तर असा चपळ गडी मेंढपाळाची निम्मी पायपीट वांचवितो. आमच्याकडे हें काम माणूसच करतो. हांक, शीळ आणि काठी एवढ्यावर धनगर आपला कळप वालाच्या शेताला तोंड लागूं न देतां बांधावरून नेतो. त्याची खरी चिंता रात्रीची. खतासाठीं शेतकऱ्याच्या खाचरांत मेंढरें बसवावयाचीं, भोंवतीं जाळ्याची वाघूर लावावयाची, आणि मग घाटावर लांडगा, कोकणांत बिबट्या! येथें हांकणारा काय कामाचा? येथें जागणारा, भुंकणारा, वेळ आली तर अंगावर जाणारा हवा. म्हणून धनगराच्या कुत्र्याला एक रूप आलें नाहीं. काळा, तांबडा, कबरा, कोणताहि चालतो. त्याची निवड रंगावरून होत नाहीं, रात्रीच्या जागरणावरून होते. माझ्या मतें ही निवड रैत्सित्सच्या निवडीहून कमी कडक नाहीं; फक्त ती कोणीं लिहून ठेविली नाहीं.

आणि गंमत पाहा, ज्या महाड तालुक्यांत हे कुत्रे हिंवाळा काढतात, त्याच तालुक्यांत रायगडावर एका कुत्र्याचें स्मारक आहे. शिवछत्रपतींच्या चितेंत उडी घेतलेल्या वाघ्याचें तें स्मारक, असें सांगतात. समकालीन कागदपत्रांत ह्या वाघ्याला आधार नाहीं. त्यावरून वाद होऊन २०१२ सालीं पुतळा उखडला गेला व पुन्हां बसविला गेला. १९३६ सालीं तो उभारला, त्याला इंदूरच्या होळकरांनीं द्रव्य दिलें होतें. होळकर घराणें मूळचें धनगरांचें, जेजुरीच्या परिसरांतील होळ गांवचें. आणि जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतोच. त्याचे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे समजून वाघ्या म्हणवितात. तेव्हां गडावरच्या त्या नांवाचें मूळ शोधावयाचें झाल्यास दफ्तरांपेक्षां वाड्यांत शोधावें, असें मला वाटतें.

गुंथर सोंथायमर ह्या जर्मन पंडितानें धनगरांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्यांवर १९७६ सालीं मोठा ग्रंथ लिहिला. देवांची नोंद झाली, गाण्यांची झाली. कुत्र्यांची व्हावयाची आहे. त्यासाठीं फार लांब जावें लागणार नाहीं. मृगापूर्वीं वाडे पुन्हां घाट चढूं लागतात, त्यांच्या आंत एखादी रात्र खाचराच्या बांधावर काढली म्हणजे झालें.