सागरी प्राणिज औषधे
समुद्री प्राण्यांच्या शरीरात सापडलेल्या रसायनांवरून तयार झालेली वा होऊ घातलेली औषधे. प्राण्यात सापडते ती रेणूची रचना. रुग्णापर्यंत पोचते ते बहुधा प्रयोगशाळेत घडवलेले औषध. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर भलत्या आशा वाढतात आणि समुद्रही ओरबाडला जातो. आपल्या किनाऱ्याला याचा जुना अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा मुंबई व मद्रास इलाख्यांत मुशीच्या यकृताचे तेल काढले जाऊ लागले. त्यात अ-जीवनसत्त्व भरपूर असते. पुढे हे जीवनसत्त्व कारखान्यात बनू लागले आणि औषधापुरती मुशीची गरज ओसरली.

नव्या काळातील पहिले ठळक उदाहरण स्पंजाचे आहे. रसायनतज्ज्ञ वेर्नर बर्गमन यांना १९५०च्या सुमारास कॅरिबियन परिसरातील एका स्पंजात अरॅबिनोज शर्करा जोडलेली न्यूक्लिओसाइडे आढळली. डीएनएच्या न्यूक्लिओसाइड घटकांत अशी शर्करा नसते. त्यामुळे ती असलेला नकली घटक पेशीत शिरला की डीएनएची नक्कल अडखळते. या कल्पनेतून पुढे आलेल्या सायटाराबिनला अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळाली. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. समुद्रापासून दूर, गोदाकाठच्या शहागडच्या रुग्णावरही रक्ताच्या कर्करोगात याच औषधाने उपचार होऊ शकतात आणि त्यासाठी एकही स्पंज काढावा लागत नाही.

सगळे प्रयोगशाळेतच बनवायचे, तर प्राणी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण रसायनतज्ज्ञाला आपणहून सुचणार नाहीत अशा रचना या प्राण्यांत घडल्या आहेत. कोनस मॅगस ही गोगलगाय मासा लुळा पाडण्यासाठी जे विष वापरते, त्यातील २५ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडवरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक बनले (मान्यता २००४). ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते आणि त्याचे मानसिक दुष्परिणाम गंभीर असू शकतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तीस हजारांहून अधिक सागरी संयुगे नोंदली गेली, औषधे मात्र मोजकीच. हे खरे आहे. पण पुष्कळदा घोडे अडते ते पुरवठ्यावर. ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरील औषध ज्या ॲसिडियनमध्ये (पिशवीसारख्या सागरी प्राण्यात) सापडले, त्या प्राण्याच्या सुमारे एक टनातून जेमतेम एक ग्रॅम द्रव्य निघते. एका जिवाणूने बनवलेल्या द्रव्यापासून ते अर्धसंश्लेषणाने मिळू लागले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. १९८६ मध्ये जपानी स्पंजातून वेगळ्या केलेल्या हॅलिकॉन्ड्रिन-बीच्या रेणूचा कामाचा भाग तेवढा राखून एरिबुलिन घडवले गेले. स्तनाच्या कर्करोगावर ते २०१० पासून वापरात आहे.

आपल्याकडे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) पश्चिम किनाऱ्यावरील जिवांच्या रसायनांचा अभ्यास करत आली आहे. गोवा-सिंधुदुर्गात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या शिनाण्यांच्या (हिरव्या शिंपल्यांच्या) अर्कावरही तेथे काम झाले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने कोचीत असाच अर्क सांधेदुखीसाठी बाजारात आणला. पण तो पोषकपूरक आहे, मान्यताप्राप्त औषध नव्हे. त्याच्या भरवशावर सांधेदुखीच्या रुग्णाने डॉक्टरांचे औषध बंद करू नये.