पूर्ववत होण्याचा विनोद : दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिका आणि तीन पिढ्यांचे वास्तव

दूरचित्रवाणीवरील विनोदी कौटुंबिक मालिकांची चर्चा निघाली की 'पूर्वीच्या मालिका आपल्या घरासारख्या होत्या, नंतरच्या तशा राहिल्या नाहीत' हे विधान हमखास केले जाते. या विधानात स्मरणरंजनाचा वाटा मोठा आहे. तथापि तेवढ्यावरून ते बाजूला सारणे योग्य होणार नाही. 'घरासारखे' म्हणजे नेमके कशासारखे, याचा उलगडा त्यात होत नाही, आणि समीक्षेचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर नेपथ्यात शोधले जाते. भिंतीवरची दिनदर्शिका, कोपऱ्यातला फ्रिज, दोरीवर वाळणारे कपडे दिसले की प्रेक्षकाला घर ओळखीचे वाटते. रोलाँ बार्त यांनी १९६८ साली फ्लोबेरच्या कथेतील भिंतीवरच्या वायुभारमापकाचे उदाहरण घेऊन दाखवले, की कथनात कोणतेही कार्य नसलेले असे तपशील 'आम्ही खरे आहोत' एवढीच ग्वाही देत असतात. मालिकेतील नेपथ्य याच जातीचे आहे. त्यातून वास्तवाचा परिणाम साधतो. वास्तवाचे आकलन साधतेच असे नाही.

आकलनासाठी या प्रकाराच्या घाटाकडे वळावे लागते. १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'आय लव्ह ल्यूसी'पासून हा घाट स्थिरावला आहे : ठरलेले घर, ठरलेली माणसे, काही तरी बिघडते, गुंता वाढतो आणि भाग संपताना सारे पूर्ववत होते. पुढच्या भागाला मागच्या भागाची आठवण बहुधा नसते. कादंबरीतील वास्तववाद काळाच्या परिणामावर उभा असतो. येथे परिणाम पुसणे हाच रचनेचा नियम आहे. म्हणून या मालिकांतील वास्तवाची परीक्षा बिघाडात न करता 'पूर्ववत' या शब्दात केली पाहिजे. भाग संपताना माणसे ज्या स्थितीत परत येतात ती स्थिती कोणाची, ती कितपत टिकाऊ, आणि ती पूर्ववत करते कोण?

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत हा शोध चिमणरावापासून सुरू करणे सयुक्तिक ठरेल. चिं. वि. जोशी यांचा हा मानसपुत्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पांढरपेशा जगात घडला आणि १९४० सालच्या 'लग्न पहावे करून'मधून रुपेरी पडद्यावर आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी घराघरांत पोचवली. पाहणाऱ्यांचे जीवन एव्हाना शिधापत्रिका, गॅसची प्रतीक्षायादी आणि उपनगरी लोकल यांनी बांधलेले होते. पडद्यावरचा काळ त्यांचा नव्हता. आजोबांच्या आठवणीतला आणि नातवंडांना नवलाचा होता. तरीही ते घर 'आपले' वाटले. याचे कारण असे, की चिमणरावाच्या फजितीने त्याची पायरी खाली जात नाही आणि त्याच्या खटपटीने ती वरही चढत नाही. बेताचे उत्पन्न, बेताची प्रतिष्ठा आणि उद्याचा दिवस आजसारखाच असेल ही खात्री, एवढे दोन्ही पिढ्यांच्या नोकरदार जीवनात समान होते. मालिकेचा घाट आणि जीवनाची लय येथे जुळून आली.

ही जुळणी 'वागळे की दुनिया'त (१९८८) अधिक स्पष्ट दिसते. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेल्या या मालिकेचे दिग्दर्शन कुंदन शाह यांनी केले. याच दिग्दर्शकाच्या 'जाने भी दो यारो'त (१९८३) व्यवस्थेने केलेला बिघाड दुरुस्त होत नाही. तिथे शिक्षा निरपराधांनाच होते. वागळ्यांच्या घरात मात्र बिघाड लहान होतो आणि म्हणून तो दुरुस्तही होतो. चित्रपटातील संताप मालिकेत संकोचाचे रूप घेतो. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस व्यंगचित्रांत अबोल होता. वागळे बोलू लागला, पण तो हिंदीत बोलला. आडनाव मराठी, भाषा राष्ट्रीय प्रसारणाची. घरातल्या 'अहो' आणि 'अगं' यांमधले सूक्ष्म अंतर त्या हिंदीत उतरणे शक्य नव्हते. तरीसुद्धा वागळे देशभर ओळखीचा झाला, कारण त्याची पूर्वस्थिती पगारदार वर्गाला सर्वत्र परिचित होती.

सर्वांना ती परिचित नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. वागळे पडद्यावर आला त्याच्या सहा वर्षे आधी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. त्या घरांत पुन्हा पूर्ववत असे काही झाले नाही. अशा घराला हा घाट सामावून घेऊ शकत नाही, कारण परत येण्याजोगी स्थितीच तेथे उरत नाही. सईद मिर्झा व कुंदन शाह यांच्या 'नुक्कड'ने (१९८६) शहरातील तळाच्या माणसांना विनोदात आणले, पण त्यासाठी घर सोडून रस्त्याचा कोपरा निवडावा लागला. हा बदल केवळ स्थळाचा नव्हता. घर हे या प्रकाराचे वर्गीय गृहीतक असल्याची ती अप्रत्यक्ष कबुली होती.

१९९१ नंतरची अर्थव्यवस्था आणि उपग्रह वाहिन्या यांनी हे गृहीतकच हलवले. जे. डी. मजिठिया व आतिश कपाडिया यांच्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई'त (२००४) दक्षिण मुंबईतील श्रीमंत सासू सुनेच्या प्रत्येक सवयीला 'मिडल क्लास' म्हणून हिणवते. काटकसर, फुकट मिळालेल्या वस्तूंचा सोस, चहाचा आवाज, अशा ज्या गोष्टी वागळ्याच्या घरात सहज होत्या त्या येथे हास्यास्पद ठरतात. विनोद सासूच्या तोऱ्यावरही उलटतो, हे खरे. तथापि सोळा वर्षांत मध्यमवर्ग पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहिल्या जाणाऱ्याच्या जागेवर आला, ही नोंद कोणत्याही नेपथ्यापेक्षा अधिक ऐतिहासिक आहे.

याच निर्मात्यांनी २०२१ साली 'वागळे की दुनिया' नव्या पिढीसह पुन्हा आणली. साराभाईंचा मुलगा झालेले सुमीत राघवन येथे वागळ्यांचे चिरंजीव झाले. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर मात्र तेच वागळे दांपत्य म्हणून परतले. तेहेतीस वर्षांनी पिकलेले त्यांचे चेहरे हा या मालिकेतील सर्वांत खरा तपशील होय. बार्त यांच्या वायुभारमापकासारखा तो निष्क्रिय नाही. त्यात काळाचा परिणाम साठलेला आहे, आणि परिणाम पुसणाऱ्या घाटाला तो मूकपणे छेद देतो. मधली पिढी हप्ते, स्पर्धा आणि मुलांची अनिश्चित भवितव्ये यांच्यात जगते. तिची स्थिती पगाराने स्थिर राहत नाही. म्हणून दिलासा देण्याचे काम वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या शहाणपणावर सोपवावे लागते. पूर्वी रचनेतून आपोआप मिळणारी खात्री आता संवादातून सांगावी लागते. प्रेक्षकाला हे बोधपर वाटते तेव्हा तो लेखकाला दोष देतो; वस्तुतः घाट आणि जीवन यांमध्ये पडलेले अंतर भरून काढण्याची ती धडपड असते.

उरतो शेवटचा प्रश्न : सारे पूर्ववत करते कोण? चिमणरावाची काऊ, वागळ्याची राधिका आणि पुढच्या पिढीतली सून यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर एक सातत्य दिसते. घोळ बहुधा पुरुषाने घालायचा आणि तो निस्तरायचा घरातल्या स्त्रीने. पाहुण्यांचा स्वयंपाक, रुसलेल्यांची समजूत, वाचवून ठेवलेल्या पैशांतून ऐन वेळी भागवलेली गरज यांच्या बळावर भाग संपतो. भाग संपल्याचा आनंद प्रेक्षकाला होतो; तो संपवणाऱ्या श्रमांची नोंद मालिका क्वचितच घेते. पोशाख, फर्निचर, टेलिफोन पिढीगणिक बदलले, पण ही श्रमविभागणी तुलनेने अबाधित राहिली. या मालिका घरासारख्या होत्या असे आपण म्हणतो, तेव्हा सगळ्यांत अचूक साम्य बहुधा याच ठिकाणी असते, आणि आपल्या स्मरणरंजनातून सर्वप्रथम गळते तेही हेच.