सातबाऱ्यातील जोडणी

चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे कोळसा खाणींचे गाव. खाणीसाठी शेत जाते तेव्हा दोन प्रश्न येतात : जमीन कोणाची आणि तिच्यात काय पिकते? पहिल्याचे उत्तर तलाठ्याच्या गाव नमुना ७ मध्ये, दुसऱ्याचे नमुना १२ मध्ये. दोन्हींत सामाईक असतो तो भूमापन किंवा गट क्रमांक. त्याच्या आधारे दोन्ही नमुने एका कागदावर आणले की झाला सातबारा!

मालगुजारी संपल्यानंतर, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६७ मध्ये लागू झाली व १९७१ च्या नियमांनी हे नमुने ठरवून दिले. याच सुमारास, १९७० मध्ये, आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी माहिती साठवण्याची एक पद्धत मांडली. प्रत्येक प्रकारच्या माहितीचा तक्ता वेगळा ठेवावा आणि सामाईक क्रमांकाने तक्ते जोडावेत, हे तिचे सार. तलाठ्याच्या दप्तरातील व्यवहाराला आता गणिताची बैठक मिळाली.

पुढे ही जोडणी प्रोग्रॅमरला दर वेळी हाताने लिहावी लागू नये, अशी साधने आली. २००५ मध्ये खुले झालेले ‘जँगो’ हे त्यांपैकी एक. ‘अमुक खातेदाराच्या गटांतील पिके दे’ असे एका ओळीत विचारले की तक्ते जोडण्याचे काम ते स्वतः करते. मात्र बेसावधपणे विचारले, तर १०० गटांच्या यादीसाठी एक आणि प्रत्येक गटाच्या पिकासाठी एक, असे १०१ प्रश्न संगणकाला जातात. एका जोडणीत तेच काम एका प्रश्नात होते.

पण साधन नोंद दुरुस्त करीत नाही. वडील वारले आणि वारसाचा फेरफार नोंदलाच गेला नाही, तर उताऱ्यावर मृताचेच नाव येते. जोडणी बिनचूक असते, मोबदला मात्र अडतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. हजेरीपट आणि गुणपत्रक घ्या. ‘वारंवार गैरहजर मुलांना गणितात किती गुण?’ असे विचारा. नावाने जोडले तर एकाच नावाची दोन मुले घोटाळा करतील. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक मात्र त्या शाळेत शेवटपर्यंत तोच राहतो. जोडणीसाठी कोणता क्रमांक निवडावा, हे आम्हाला वाटते, विद्यार्थीच सांगतील.