तळटीप : ‘बाबांनी नागपूर लावलं’

१. नागपूर : आकाशवाणीचे नागपूर केंद्र. १६ जुलै १९४८ रोजी ते सुरू झाले, तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्यामुळे मराठीबरोबर हिंदी कार्यक्रमही तिथून होत. अल्लीपुरात (ता. हिंगणघाट, जि. वर्धा) हे केंद्र मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झला लागे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या लगत दूरवर जातात, म्हणून गावोगावी मनोरे उभारावे लागले नाहीत. रात्री मात्र त्या आकाशातल्या आयनांबरावरून परततात आणि दूरची केंद्रे मध्ये घुसतात. लेखकाने पुढे वर्णिलेली खरखर बहुधा हीच. घरात रेडिओ ठेवायला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, हे आजच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. १९८४ मध्ये नागरकोइलपासून आकाशवाणीची स्थानिक केंद्रे निघू लागली. विदर्भात पुढे यवतमाळ, चंद्रपूर इथेही केंद्रे आली. तरीही कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यातली शेतीविषयक कार्यक्रमांची सवय नागपूरनेच लावली, असे मला ठामपणे वाटते. ‘लावलं’ हे क्रियापदही जपण्यासारखे आहे : केंद्र हाताने फिरवून, सुई जुळवून लावावे लागे. – संपा.